पोरगं बेशुद्ध, कॅमेरा सुरू: दादासाहेब फाळक्यांचा वांगणीतला तो निर्णय

भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट दादासाहेब फाळक्यांनी काढला, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. त्यासाठी त्यांनी विमा गहाण टाकला, बायकोचे दागिने गेले, डोळे जाता जाता वाचले, हेही बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. त्याच चित्रपटाच्या वेळी त्यांचा स्वतःचा मुलगा डोकं फुटून बेशुद्ध पडला होता आणि त्या अवस्थेतच त्याच्यावर एक प्रसंग चित्रित झाला, ही गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. सांगितली तरी ध्येयवेडाचा दाखला म्हणून सांगतात आणि पुढे सरकतात. फाळक्यांचं मोठेपण वादापलीकडचं आहे. पण लेकराच्या डोक्याला मार लागलेला असताना बापाने काय ठरवायचं, हा प्रश्न आजही घराघरात येतो. म्हणून त्यांचं आयुष्य एकदा त्या बाजूनेही बघायला हवं.

त्र्यंबकचा मुलगा बडोद्यात

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे जाणकार. घरात पूजापाठ, पोथ्या, पौराणिक कथा. पुढे वडिलांना मुंबईत संस्कृत शिकवायची नोकरी लागली आणि बिऱ्हाड मुंबईला आलं. धुंडिराजचा हात चित्रकलेत चालायचा, म्हणून १८८५ मध्ये त्याला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घातलं.

थोरले बंधू शिवरामपंत बडोद्याला गेले, त्यांच्या मागोमाग धुंडिराजही गेला. सयाजीराव महाराजांच्या संस्थानात तेव्हा शिकणाऱ्या माणसाला वाव होता. कलाभवन सुरू झालं ते १८९० साली, त्रिभुवनदास गज्जर यांच्या देखरेखीखाली. बडोद्यात फाळके रंगकाम शिकले, मूर्तिकाम शिकले, इमारतींचे नकाशे काढायला शिकले आणि फोटोग्राफीत तर पुरते अडकले. गज्जरांनी त्यांची धडपड ओळखली आणि त्यांना रतलामला पाठवलं. तिथे ते तीनरंगी ब्लॉक आणि फोटो-लिथोची छपाई शिकून आले. त्या कलाभवनाच्या इमारतीत आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा तंत्रज्ञान विभाग आहे. बडोद्याची कितीतरी मराठी मुलं तिथे इंजिनिअर झाली. भारतीय सिनेमाच्या बापाने छपाईचे आणि फोटोचे धडे याच शहरात गिरवले, याचा त्यांना अभिमान वाटायला हरकत नाही.

गोध्र्याने दिलेला पहिला घाव

शिकून झाल्यावर पोटापाण्यासाठी फाळक्यांनी गोध्र्याला फोटोचा धंदा मांडला. गाव छोटं, गिऱ्हाईक बेताचं, तरी संसार चालला होता. तेवढ्यात प्लेग आला. १९०० साली त्या साथीत त्यांची बायको गेली आणि मूलही गेलं.

त्या काळच्या प्लेगचा विचार आज करवत नाही. जंतूचा शोध १८९४ मध्ये लागला होता. हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली लस जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली होती. पण लसीची लोकांना धास्ती होती आणि आजार अंगात शिरल्यावर त्याला उतरवणारं औषध डॉक्टरकडे नव्हतं. ते यायला आणखी चाळीसेक वर्षं जावी लागली. म्हणजे तिशीतल्या फाळक्यांनी आपलं लेकरू गमावलं ते अशा दुखण्यात, जिथे बाप काहीही करू शकत नव्हता.

दुकान बंद करून ते बडोद्याला परतले. तिथेही फोटोचा धंदा नीट बसेना. फोटो काढला की माणसातली शक्ती कॅमेरा ओढून घेतो, आयुष्य घटतं, अशी लोकांची समजूत. मग नाटकांचे पडदे रंगव, जादूचे प्रयोग कर, असं चाललं. आपलं आडनाव उलटं करून प्रोफेसर केळफा या नावाने ते जादू दाखवायचे. १९०२ च्या सुमारास त्यांचं दुसरं लग्न झालं. सरस्वतीबाई घरात आल्या आणि संसार पुन्हा उभा राहिला. मुलंबाळं झाली. पुरातत्त्व खात्यात नोकरी लागली ती १९०३ मध्ये, सोडली १९०६ मध्ये. मग छापखाना. लोणावळ्यात आणि नंतर दादरला. रंगीत छपाई नीट शिकायला १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. परतल्यावर भागीदारांशी पटेना, म्हणून चालता धंदा सोडून बाहेर पडले. वय चाळिशीचं, हातात काम नाही.

स्वतःचे डोळे आणि डॉक्टर

१९११ च्या ईस्टरच्या दिवसांत फाळके थोरल्या मुलाला, भालचंद्रला घेऊन गिरगावात सिनेमा बघायला गेले. पडद्यावर जनावरं हलताना बघून पोरगं हरखलं आणि घरी येऊन आईला सांगू लागलं. घरात कुणाचा विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घेऊन गेले, तर पडद्यावर येशू ख्रिस्ताचं चरित्र चालू होतं. ते बघताना फाळक्यांना आपले राम-कृष्ण दिसू लागले. सिनेमा काढायचा हे तिथे पक्कं झालं. म्हणजे या सगळ्या उद्योगाच्या पहिल्या दिवसापासून भालचंद्र बापाच्या बरोबर होता.

त्यानंतर वर्षभर फाळके मिळेल तो सिनेमा बघत सुटले. दिवसाचे चार-पाच तास अंधारात पडद्याकडे बघणं, बाकीचा वेळ वाचन आणि प्रयोग, झोप नाही. व्हायचं तेच झालं. डोळ्यांनी दिसेनासं होऊ लागलं. डॉ. प्रभाकर नावाच्या नेत्रतज्ज्ञांनी उपचार केले, तीन-चार वेगवेगळे चष्मे दिले, तेव्हा कुठे दृष्टी परत आली.

ही गोष्ट लक्षात ठेवायची ती एवढ्यासाठी, की फाळके डॉक्टरला न मानणारे नव्हते. अंगारे-धुपारे करणारेही नव्हते. वेळेत उपचार मिळाला तर काय वाचतं, ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवर अनुभवलं होतं.

डोळे सुधारल्यावर पैशांची जुळवाजुळव. बारा हजारांच्या विमा पॉलिसी गहाण टाकून दहा हजार उभे केले. फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले, तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते बघितलं, पन्नास पौंडांना विल्यमसन कॅमेरा ठरवला आणि एप्रिलच्या सुरुवातीला परत आले. भांडवल देणाऱ्याला खात्री पटावी म्हणून कुंडीत वाटाण्याचं रोप वाढताना एकेक चित्र टिपून छोटी फिल्म केली. पुढच्या खर्चाला सरस्वतीबाईंचे दागिने लागले. त्या माउलीने दागिने दिलेच, वर फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं आणि साठ-सत्तर माणसांचा रोजचा स्वयंपाक, हेही सांभाळलं.

वांगणीत काय घडलं

चित्रपट ठरला राजा हरिश्चंद्राचा. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके या पुरुषाला साडी नेसवली. राजपुत्र रोहिदासासाठी मुलगा हवा होता, तर कुणी आईबाप आपलं पोर द्यायला तयार होईनात. गोष्टीत पोराला वनवास आणि शेवटी मरण. असला अपशकुन कोण ओढवून घेणार? शेवटी फाळक्यांनी भालचंद्रलाच उभं केलं.

दादरला बंगल्यात सेट होता. बाहेरच्या दृश्यांसाठी मंडळी वांगणीला गेली. बदलापूर आणि नेरळ यांच्या मधलं हे गाव, तेव्हा सगळं रान. ढाल-तलवारी घेतलेली माणसं बघून गावकऱ्यांना दरोडेखोर आल्याचं वाटलं आणि पोलिसांपर्यंत प्रकरण गेलं. कॅमेरा दाखवून खात्री पटवल्यावर सुटका झाली.

त्याच मुक्कामात भालचंद्र खेळता खेळता खडकावर पडला. डोक्याला खोक पडली, भळाभळा रक्त आलं आणि पोरगं बेशुद्ध झालं. मंडळींनी बरोबर प्रथमोपचाराची पेटी आणली होती, तिच्यातून पट्टी झाली. तरी शुद्ध येईना. बरोबरच्या काही जणांचं म्हणणं पडलं की काम राहू दे, आधी पोराला जवळच्या गावी डॉक्टरकडे नेऊ या.

फाळक्यांपुढे दुसराही हिशेब होता. रोहिदास चितेवर मरून पडलाय, असा प्रसंग घ्यायचाच होता. मुक्काम वाढला तर साठ-सत्तर माणसांचं खाणंपिणं वाढणार, आणि पैसा कर्जाचा. चांगल्या हिंडत्या-फिरत्या पोराला मेल्यासारखं निश्चल पडून राहा म्हणणंही सोपं नसतं. त्यांनी ठरवलं, प्रसंग आत्ताच घ्यायचा. बेशुद्ध मुलाला चितेवर निजवलं आणि बापाने दृश्य पूर्ण केलं.

पोरगं पुढे बरं झालं. चित्रपटाला एकंदर सहा महिने आणि २७ दिवस लागले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात तो लोकांसमोर आला आणि तुफान चालला.

डोक्याला मार म्हणजे नेमकं काय

भालचंद्र वाचला म्हणून ही गोष्ट कौतुकाने सांगता येते. न वाचता तर फाळके हे नाव आज वेगळ्या सुरात घेतलं गेलं असतं.

डोक्याला मार लागून आलेली बेशुद्धी ही साधी भोवळ नसते. कवटीच्या आत रक्त साचत असेल तर मेंदूवर दाब वाढत जातो. वरची जखम छोटी असली तरी आत मोठं काही चालू असू शकतं. कधी मूल शुद्धीवर येतं, बोलतं, पाणी मागतं आणि काही तासांनी पुन्हा गुंगीत जातं. घरच्यांना वाटतं, थकलंय, झोपू दे. तिथेच घात होतो.

१९१२ च्या डॉक्टरकडे साधनं कमी होती. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा, पण त्यात हाड दिसतं, आत साचलेलं रक्त दिसत नाही. ते दाखवणारं सीटी स्कॅन माणसावर पहिल्यांदा झालं १९७१ मध्ये, लंडनला. खास मुलांसाठीचं परळचं वाडिया रुग्णालयही १९२९ चं. तरीपण त्या काळचा डॉक्टर जखम धुऊन टाके घालू शकत होता, नाडी आणि डोळ्यांच्या बाहुल्या तासातासाला बघू शकत होता. आत रक्त साचल्याची चिन्हं दिसली तर मोठ्या दवाखान्यात कवटीला भोक पाडून ते काढायची शस्त्रक्रियाही होत होती. म्हणजे डॉक्टरकडे नेण्यात अर्थ होता. वांगणीतल्या ज्या माणसांनी ते सुचवलं, त्यांचं म्हणणं बरोबर होतं. इतिहासात त्यांची नावं कुणी घेत नाही, पण शहाणपण त्यांच्याकडे होतं.

आज हीच जखम फाळक्यांच्या जुन्या बडोद्यात झाली तर काय होईल? समजा निजामपुऱ्यातल्या एखाद्या सोसायटीत उत्तरायणाच्या दिवशी पतंगामागे धावणारं पोरगं गच्चीवरून पडलं. १०८ ला फोन केला की ॲम्ब्युलन्स येते. गुजरातमध्ये ही सेवा २००७ पासून आहे, महाराष्ट्रात २०१४ पासून, आणि गोवा-कर्नाटकातही नंबर तोच. फतेगंजमार्गे सयाजी रुग्णालयाचा अपघात विभाग काही मिनिटांवर. तिथे आधी श्वास आणि मान बघतात, मग शुद्ध किती आहे त्याला ३ ते १५ असे गुण देतात, बाहुल्या तपासतात. गरज वाटली तर सीटी स्कॅन, नाहीतर काही तास नजरेखाली ठेवतात. प्रत्येक पोराचं स्कॅन करत नाहीत, कारण त्याच्या किरणांचाही त्रास असतो. कुणाचं करायचं ते डॉक्टर ठरवतात.

घरच्यांनी करायचं ते थोडकंच आहे. पोराला गदागदा हलवायचं नाही. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. मान सरळ धरायची, उलटी होत असेल तर मान न वळवता अख्खं अंग एका कुशीवर करायचं. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरायचं, हळद-कॉफी भरायची नाही. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती गुंगी, झटके, कान-नाकातून रक्त किंवा पाणी, यातलं एक जरी दिसलं तरी थेट दवाखाना. पोलिस केस होईल म्हणून घाबरायचं कारण नाही. जखमी माणसावर आधी उपचार, कागदपत्रं नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केलेलं आहे.

मुलं पुन्हा कॅमेऱ्यासमोर

वांगणीनंतर फाळक्यांनी आपली मुलं कॅमेऱ्यापासून दूर ठेवली, असं झालं नाही. कंपनी नाशिकला गेली. मोहिनी भस्मासुर, लंकादहन असे चित्रपट आले. १९१८ मध्ये श्रीकृष्णजन्म निघाला तेव्हा बाळकृष्ण झाली त्यांची छोटी मुलगी मंदाकिनी. पुढच्या वर्षी कालिया मर्दनमध्ये तीच कृष्ण होऊन पाण्यात नागाशी झुंजली. तिचा चेहरा, ते मिश्कील हसणं बघायला लोकांची झुंबड उडायची.

याला हट्ट म्हणा किंवा नाइलाज. दुसऱ्याचं पोर धोक्यात घालण्यापेक्षा त्यांनी स्वतःचं पुढे केलं, हे त्यांच्या बाजूने म्हणता येतं. पण त्या मुलांना विचारणारं, थांबवणारं तिसरं कुणी तिथे नव्हतं, हेही तितकंच खरं. बापच मालक, बापच दिग्दर्शक, बापच पालक. अशा वेळी काम थांबवायचा अधिकार ज्याच्याकडे असतो, त्याचंच नुकसान काम थांबल्याने होत असतं.

ही गाठ पुढे कायद्याने सोडवायचा प्रयत्न झाला. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये बदल झाले आणि २०१७ च्या नियमांत बालकलाकारांसाठी अटी आल्या. दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी हवी, मुलाच्या कमाईतला किमान वीस टक्के वाटा त्याच्या नावाने बँकेत ठेवायचा. मुलांची जबाबदारी घेणारा माणूस नेमायचा. रिॲलिटी शोच्या ऑडिशनसाठी पोरांना घेऊन मुंबई-अहमदाबादच्या चकरा मारणाऱ्या आईबापांनी हे नियम एकदा वाचून ठेवावेत.

उतरती वर्षं

१९१८ मध्ये भागीदारांबरोबर हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. पैसा आला, तसे खटकेही आले. फाळके सगळं सोडून काशीला गेले, तिथे नाटक लिहिलं, पुन्हा परत आले. तोवर बोलपट आले आणि त्यांचा जमाना मागे पडला. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी काढलेला गंगावतरण हा त्यांचा शेवटचा चित्रपट आणि एकमेव बोलपट. तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. त्यानंतरची वर्षं नाशिकला गेली, फारशी कुणी विचारपूस न करता. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाचा पुरस्कार सरकारने सुरू केला १९६९ मध्ये.

मूळ राजा हरिश्चंद्र आज अख्खा बघायला मिळत नाही, काही भागच उरले आहेत. श्रेयनामावलीत हरिश्चंद्र म्हणून दत्तात्रय दाबके, तारामती म्हणून अण्णा साळुंके आणि रोहिदास म्हणून भालचंद्र फाळके. भारताच्या पहिल्या कथाचित्रपटातला पहिला बालकलाकार तो. चितेवरच्या प्रसंगात त्याने अभिनय केला नव्हता. त्या वेळी त्याला डॉक्टर हवा होता.